फोनची वीज जपू या

मुलांनो, वॉटफर्ड हे इंग्लंडमधील लंडनजवळचे शहर. तेथे हिवाळ्यात कधी कधी पाणीसुद्धा गोठते. अशा थंडीत स्मार्टफोनची बॅटरी लवकर उतरते. असे का बरे होते? बॅटरीत लिथियमचे अतिसूक्ष्म कण ये-जा करतात. थंडीत त्यांची चाल मंदावते. म्हणून तेथे फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा. ऊब मिळाली, की बॅटरी पुन्हा नीट चालते.

फार उष्णता मात्र बॅटरीला कायमची दुबळी करते. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात फोन उन्हात ठेवू नका. पडद्याचा उजेडही खूप वीज खातो. सेटिंगमध्ये जाऊन तो कमी करा. वापर थांबताच पडदा लवकर विझेल, अशी वेळ लावा.

अडचणीच्या वेळी घरच्यांना हाक मारायला फोनमध्ये थोडी वीज शिल्लक हवी ना?