विझला नाही तो दीप

शास्त्रवाचन : २ राजे ११:१-१२
मननासाठी : २ शमुवेल ७:११-१६



दावीद राजाला देवासाठी घर बांधायचं होतं. पण नाथान संदेष्ट्याच्या द्वारे देवाने त्याला उलटच निरोप पाठवला. तू माझ्यासाठी घर बांधू नकोस, मीच तुझं घराणं उभं करीन. तुझं राजासन सर्वकाळ टिकेल. दावीदाने मागितलं नव्हतं, ते देवाने स्वतःहून दिलं. हाच दावीदाशी केलेला करार.

आता आजचा शास्त्रभाग पाहा. यहूदाचा राजा अहज्या मारला गेला. त्याची आई अथल्या हिने सत्तेसाठी राजवंशातल्या सगळ्यांचा संहार आरंभला. स्वतःची नातवंडंसुद्धा तिने सोडली नाहीत! त्या दिवशी देवाचं एवढं मोठं वचन एका तान्ह्या बाळावर येऊन ठेपलं. त्याचं नाव योवाश.

अहज्याची बहीण यहोशेबा हिने त्या बाळाला दाईसकट गुपचूप उचलून लपवलं. तिचा नवरा यहोयादा हा याजक होता. बाळ सहा वर्षे कुठे वाढलं? परमेश्वराच्या मंदिरात! दावीदाच्या मनातलं ते घर शलमोनाने बांधलं होतं, आणि आता त्याच घराने दावीदाचं घराणं राखलं. बाहेर अथल्या राज्य करत होती. लोकांना वाटलं असेल, दावीदाचा दीप विझला. पण आत एक मूल रांगत होतं, चालायला शिकत होतं. सातव्या वर्षी यहोयादाने त्याला बाहेर आणून मुकुट घातला.

मग योवाश मोठा विश्वासू निघाला का? नाही. यहोयादा मेल्यावर तो देवापासून बहकला (२ इतिहास २४). मत्तयाच्या पहिल्या अध्यायातल्या वंशावळीत तर त्याचं नावही नाही. योरामानंतर एकदम उज्जीया येतो. म्हणजे वचन योवाशाच्या चांगुलपणावर टिकलेलं नव्हतं. ज्याने वचन दिलं, त्याच्या विश्वासूपणावर ते टिकलं होतं. पुढे बाबेलच्या बंदिवासात राजासनही गेलं, पण वंश राहिला. शेवटी नासरेथातल्या मरीयेला देवदूताने सांगितलं की तिच्या पुत्राला दावीदाचं राजासन मिळेल आणि त्याच्या राज्याला अंत नसेल (लूक १:३२-३३). तो राजा म्हणजे आपला प्रभू येशू.

प्रियांनो, आपणही कधी त्या सहा वर्षांतून जातो. प्रार्थना करून करून थकतो, आणि समोर मात्र अथल्याच बसलेली दिसते. मग वाटतं, देव विसरला. पण दिसत नाही म्हणजे काही घडत नाही, असं नसतं. आणि यहोशेबेकडे पाहा. संपूर्ण तारणाची योजना तिला कुठे ठाऊक होती? तिने फक्त समोरचं एक लेकरू वाचवलं. आज देवाने तुमच्या ओटीत कोणाला दिलं आहे? तेवढ्याला सांभाळा. वचन सांभाळायला देव समर्थ आहे.

प्रार्थना : हे विश्वासू पित्या, तुझं वचन डोळ्यांना दिसत नाही तेव्हाही त्याला धरून राहायला मला शिकव. आज माझ्या हाती दिलेलं काम मी न घाबरता करावं, म्हणून कृपा दे. दावीदाचा पुत्र, आमचा सर्वकाळचा राजा येशू, याच्या नावात मागतो. आमेन.