नादारीचा अर्ज आणि लपवलेली कमाई

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत एका ताईनं हळूच विचारलं, "मॅडम, दोन कंपन्यांचे हप्ते आहेत, वर सावकार. कोर्टात अर्ज केला की सगळं माफ होते म्हणे. फक्त शिलाईचे पैसे सांगायचे नाही. खरं आहे का जी?" हे तिला गावात फिरणाऱ्या एका एजंटानं सांगितलं होतं. अर्ज भरून द्यायचे तो पाच हजार मागत होता. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून अर्ज करायचा, त्याच्याकडूनच पाच हजार!

गोष्ट अर्धी खरी आहे. कर्ज फेडणं खरोखर अशक्य झालं तर माणूस कोर्टाकडून स्वतःला नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवून घेऊ शकतो. २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आपण बातम्यांत ऐकतो. त्यात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न आणि ३५,००० पर्यंत कर्ज असलेल्यांसाठी कर्जमुक्तीची एक सोय लिहिलेली आहे. एजंट मोबाईलवर तीच दाखवत होता. पण ती सोय अजून सुरूच झालेली नाही. त्या कायद्याचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या लोकांसाठी. आपल्यासारख्यांना नागपूर जिल्ह्यात लागतो तो इंग्रजांच्या काळातला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. किती जुना, तर त्याच्या मूळ मजकुरात ५०० रुपयांचं कर्ज असलं तरी अर्ज करता येतो असं लिहिलं आहे.

आता मुद्द्याचं. या अर्जात काय काय लिहावं लागतं? कोणाचं किती देणं आहे ते. स्वतःचं काय काय आहे ते: शिलाई मशीन, म्हैस, शेळ्या, खात्यातली शिल्लक, गटातली बचत, लोकांकडून येणं असलेले पैसे. हे सगळं खरं आहे म्हणून खाली सही करावी लागते. मग सुनावणीची तारीख पडते, देणेकऱ्यांना नोटीस जाते आणि त्यांच्यासमोर न्यायाधीश विचारपूस करतात. कंपनीचा माणूस, सावकार, सगळ्यांना प्रश्न विचारायची मुभा असते. दिवाळीत तुम्ही किती ब्लाऊज शिवले हे गावातल्या माणसाला सांगावं लागते का?

आणि कागद तर बोलतातच. दुधाचे पैसे डेअरी खात्यात टाकते. लाडकी बहीणचे १,५०० खात्यात येतात, पीएम किसानचे हप्तेही खात्यात. आपल्या गटाच्या कर्ज रजिस्टरमध्ये "कारण: म्हैस खरेदी" असं आपणच लिहून ठेवलेलं असते. कोर्टानं गटाचं दप्तर मागवलं तर सचिवताईला ते द्यावंच लागेल. मैत्रीण आहे म्हणून पान फाडता येत नाही, तसं केलं तर ती स्वतः अडकेल.

लपवलेलं सापडलं तर काय होते? जाणूनबुजून मालमत्तेची यादी दिली नाही, हिशेबाची वही दडवली किंवा खोटी केली, तर या कायद्याच्या कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अटकेपासून मिळालेलं संरक्षण कोर्ट काढून घेऊ शकते. कर्जातून मोकळं करण्याचा शेवटचा हुकूम असतो, तो नाकारला जाऊ शकतो किंवा लांबणीवर पडू शकतो. फसवून काढलेलं कर्ज तर त्या हुकमानंही सुटत नाही. म्हैस भावाच्या नावावर करून मोकळं होऊ, असं कोणाच्या मनात असेल, तर अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत फुकटात किंवा नावापुरती केलेली अशी देवाणघेवाण कोर्ट रद्द करू शकते.

गंमत म्हणजे, भीतीपोटी बाया जे लपवतात त्यातलं बरंचसं कायद्यानं आधीच वाचवलेलं असते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्मरूढीनं बाईनं अंगावेगळे करायचे नसतात असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, शेतीला लागणारी गुरं, बियाणं आणि त्याचं राहतं घर जप्त होत नाही. म्हणजे जे वाचणारच होतं ते लपवून आपण गुन्हा करतो. शिलाईची कमाई सांगितली तरी कोर्ट ती सगळी ओढून नेते असं नाही. पुढच्या कमाईतून थोडंथोडं देत जा, अशी अट घालून मोकळं करायचा अधिकार न्यायाधीशांना आहे.

एक गोष्ट मात्र एजंट कधीच सांगणार नाही. एक बाई नादार ठरून सुटली, तरी तिच्यासोबत सही केलेल्या किंवा जामीन राहिलेल्या बाया सुटत नाहीत. गटाच्या संयुक्त जबाबदारीवर कर्ज काढलं असेल तर तिचा हप्ता उरलेल्या नऊ जणींच्या दारात येतो. म्हणून असा विचार मनात आला की आधी गटात बोला, मग कोर्टात.

त्या ताईला आम्ही काय सांगितलं? पहिलं, एजंटाला एक रुपयाही देऊ नको. दुसरं, सगळ्या कर्जांची आणि सगळ्या कमाईची, अगदी भाजीच्या शंभर रुपयांसकट, एक वही कर. तिची वही झाली तेव्हा दिसलं की दोन्ही कंपन्यांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतात. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम सांगतो की मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना घरचे सगळे हप्ते धरून ते निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मग दुसऱ्या कंपनीनं कर्ज दिलं कसं? फॉर्म काढून पाहिला तर उत्पन्न दुप्पट लिहिलेलं, सही तिचीच. तिथं वाढवलं आणि कोर्टात लपवलं असतं, तर दोन्ही कागद एकाच टेबलावर आले असते.

आता ती हप्ते कमी करून मुदत वाढवण्यासाठी कंपनीला लेखी अर्ज देत आहे. सावकाराकडे परवाना नसल्यामुळे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे वेगळी तक्रार. वकिलाचा खर्च नाही, कारण १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. नागपूरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, फोन १५१००. जाताना आधार, पासबुक, कर्जाची कार्डं आणि ती वही सोबत न्यावी.