लॅपटॉप की मिनी पीसी? घोडबंदर रोडवरील पालकांसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की घोडबंदर रोडवरील आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुलासाठी संगणक घ्यायचा आहे, हाती ३०,००० रुपये आहेत; कोणता घ्यावा? विचारणाऱ्याने बहुधा ‘लॅपटॉप’ हे उत्तर मनाशी ठरवलेले असते. ही रक्कम कुणाच्या भिशीतून, कुणाच्या ओव्हरटाइममधून उभी राहते, हे आपण सारे जाणतो. ती चुकीच्या वस्तूवर खर्च होऊ नये, यासाठी हा लेख.

मिनी पीसी हे नाव पुष्कळांना अपरिचित आहे. जेवणाच्या डब्याएवढी ही पेटी टेबलावर किंवा मॉनिटरच्या पाठीमागे बसते. आतील प्रोसेसर कमी वीज घेणारा असतो, मेमरीची पट्टीही बहुधा लॅपटॉपचीच. पडदा, कीबोर्ड, कॅमेरा आणि बॅटरी काढून घेतलेला लॅपटॉप, असे तिचे वर्णन करता येईल. डेल, लेनोव्हो, एचपी या कंपन्यांच्या अशा पेट्या मोठ्या कार्यालयांत वापरल्या जातात. काही वर्षांनी कार्यालये त्या बदलतात आणि त्याच पेट्या दुरुस्त होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात निम्म्याहून कमी दराने मिळतात.

निवड करताना आधी एकच गोष्ट पाहावी: मुलाचे काम एका जागी राहणार आहे, की त्याच्याबरोबर फिरणार आहे?

वाघबीळ किंवा ओवळ्याच्या एका खोलीच्या घरात दोन भावंडे शिकत असतील, तर संगणक घराबाहेर जाण्याचे कारणच नाही. तेथे मिनी पीसी अधिक उपयोगी. मोठ्या पडद्यासमोर पाठ सरळ राहते. कीबोर्डवर चहा सांडला तर पाचशे रुपयांत नवा येतो. लॅपटॉपवर सांडला तर कधी कधी सारे यंत्रच जाते. शासकीय टंकलेखन परीक्षेची, म्हणजे मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाची तयारी करणाऱ्याला तर पूर्ण आकाराचा कीबोर्ड हवाच.

याउलट, जो विद्यार्थी वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणार आहे, त्याला मिनी पीसी देणे म्हणजे त्याच्या गळ्यात ओझे बांधणे होय. स्वाधार योजनेचा आधार घेऊन शिकणारी आपली मुले वर्षा-दोन वर्षांनी खोली बदलतात. त्यांना लॅपटॉपच द्यावा, मग तो वापरलेला असला तरी चालेल. दुकानातील चकचकीत पण मंद अशा नव्या लॅपटॉपपेक्षा कार्यालयातून निघालेला मजबूत लॅपटॉप मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

आता हिशेब. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखलेला. खरेदीत हा चौथा भागच आपण विसरतो. नव्या लॅपटॉपवर ३०,००० रुपये संपले, की पुढे बॅटरी दमल्यावर हात रिकामे असतात. वापरलेला मिनी पीसी अदमासे १३,०००, मॉनिटर ६,५००, कीबोर्ड-माउस ८००, माइकसह कॅमेरा १,२०० आणि यूपीएस २,८०० रुपये धरला, तर पाच-सहा हजार शिल्लक राहतात. दर बदलतात; पण कॅमेरा, माइक आणि यूपीएस या तीन वस्तू हिशेबात धराव्यातच. जाहिरातीतील किमतीत त्या नसतात.

यूपीएस ही चैन नव्हे. पावसाळ्यात येऊरच्या डोंगराकडून वारा सुटला की आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो. मिनी पीसी तत्क्षणी बंद पडतो आणि जतन न केलेला प्रकल्प नाहीसा होतो. विजेच्या बिलाची चिंता मात्र नको. मिनी पीसी आणि मॉनिटर मिळून ४० वॅटच्या आसपास वीज घेतात. रोज पाच तास चालवले तरी महिन्याला सहा युनिट होतात. लॅपटॉपला चार लागतील, इतकाच फरक.

वापरलेले यंत्र घेताना प्रोसेसरची पिढी विचारावी. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या जवळजवळ सर्व प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. ‘आय-फाइव्ह ८५००टी’ या नावातील पहिला आठ ही पिढी, तर अखेरचा ‘टी’ कमी विजेची खूण. ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. दहा वर्षांपूर्वीचाही आय-फाइव्हच असतो. कार्यालयीन पेट्यांत पुष्कळदा वायफायचे कार्ड नसते, आणि काहींना एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असतो. मॉनिटरची केबल त्याप्रमाणे घ्यावी. लॅपटॉप असेल तर दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवून पाहावा. पक्के बिल घ्यावे. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्यावी.

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या कार्यालयांतून अशा पेट्या दरवर्षी निघतात, त्यांनी संबंधित विभागाकडे एकदा चौकशी करावी. डिस्क पुसून दिलेल्या पाच-सहा पेट्या मिळाल्या, तरी आपल्या शाळेच्या अभ्यासिकेत त्यांना जागा आहे.