कानाला बसेल ते घे

अगं, तू पाठवलेली यादी वाचली. प्रत्येक डब्यावर बॅटरी किती तास चालते आणि बेस किती दणदणीत आहे हेच मोठ्या अक्षरांत. तुझे कान कसे आहेत, तू ते कुठे घालणार आहेस, हे कुणीच विचारत नाही. पहाटे वेताळ टेकडीवर पळणं, मग हिंजवडीची बस, दिवसभर मीटिंगा, संध्याकाळी जिम, आणि रात्री पडल्यापडल्या थोडी गाणी. एवढ्या सगळ्याला पुरेल असा एकच हेडफोन शोधत बसलीस तर सेल संपेल आणि तुझं ठरणार नाही.

माझं मोजमाप एकच आहे. ज्याच्यावर आवाज कमी ठेवूनही तुला सगळं नीट ऐकू येतं, तो तुझा. ज्याच्यावर सारखा आवाज वाढवावा लागतो, तो कितीही नावाजलेला असो, परत ठेव.

एवढं निक्षून का म्हणते तेही ऐक. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. तोच ९० वर नेलास तर फक्त ४ तास! दहाचा फरक आकड्यात छोटा दिसतो, पण दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ साधारण निम्मी होते. तू बसमध्ये, जिममध्ये आणि डेस्कवर मिळून किती तास कानात घालून असतेस ते एकदा मोज. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. याच संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं होतं की १२ ते ३५ वयाच्या शंभर कोटींहून जास्त मुलामुलींचे कान मोठ्या आवाजामुळे धोक्यात आहेत. तू त्या वयातच आहेस गं. हेडफोन काढल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहिली, तर त्या दिवशी कानाला जास्त झालंय असं समज. आणि ती राहिलीच, तर घरगुती उपाय न करता सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

तुझा आयफोन आहे ना? सेटिंग्जमध्ये आवाजाच्या भागात ‘हेडफोन सेफ्टी’ आहे, तिथे मर्यादा ८० वर आणून ठेव. दुसऱ्या कंपनीच्या बड्सबाबत तो आकडा अंदाजाचा असतो, पण अंदाजसुद्धा पुरतो.

आता कानात बसण्याचं. बड्सच्या डब्यात तीन मापांची रबरं येतात, आणि जवळजवळ सगळ्याजणी मधलं लावलेलं असतं तेच घालून फिरतात. आपल्या बायकांचे कान बहुतेक वेळा लहान असतात. शिवाय दोन्ही कान एका मापाचे असतीलच असं नाही, तेव्हा एका बाजूला छोटं आणि दुसरीकडे मधलं लावायला काहीच हरकत नाही. नीट बसलंय की नाही हे ओळखायला तुला यंत्र नको, तबला पुरे. ज्यात बायां, म्हणजे डग्गा, भरून वाजतोय असं एखादं शास्त्रीय ध्वनिमुद्रण लाव. बायांचा घुमारा पातळ, लांबून आल्यासारखा वाटला, तर रबर कान नीट बंद करत नाहीये. बड जरा फिरवून आत बसव, नाहीतर माप बदल. हे न करता लोक बेस नाही म्हणून आवाज वाढवतात, आणि खर्जाऐवजी वरचे सूर कानावर आदळत राहतात. मग तोंड उघड-मीट कर, चावल्यासारखं कर, मान झटक, वाकून बुटाची नाडी बांध. एवढ्यात निसटला तर पळताना नक्की पडणार.

टेकडीसाठी मात्र माझा सल्ला अगदी उलटा आहे. तिथे कान बंद करायचेच नाहीत. उजाडायच्या आधी तू एकटी निघतेस. मागून येणारी दुचाकी, झाडीतलं कुत्रं, कुणाची पावलं, हे सगळं तुला ऐकू यायला हवं. यावर मी तडजोड करणार नाही. त्यातून रबराने कान बंद करून पळलीस तर स्वतःचं पाऊल आणि श्वास डोक्यात धपधप ऐकू येतात. कानाचं तोंड बंद झालं की शरीराच्या आतले आवाज बाहेर जायला वाट उरत नाही, म्हणून ते मोठे वाटतात. पुष्कळजणी त्यालाच कंटाळतात.

कान उघडे ठेवणारे दोन प्रकार मिळतात. एकात कानाच्या पुढे गालाच्या हाडावर पट्टा टेकतो आणि हाडाच्या कंपनातून गाणं आत पोचतं. शॉक्झ ही कंपनी त्यासाठी ओळखली जाते, पूर्वी तिचं नाव आफ्टरशॉक्झ होतं. दुसऱ्यात कानावर हूक अडकतो आणि छोटा स्पीकर कानाच्या तोंडाशी नुसता लोंबतो, आत शिरत नाही. दोन्हींत बेस कमीच असतो, पण पळताना लय कळली, एखादी मुलाखत ऐकू आली, की झालं. कान उघडे आहेत म्हणून आवाज वाढवला तरी चालतो, असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. हाडातून गेला तरी आवाज पोचतो त्याच आतल्या कानात. चष्मा लावत असशील तर हूकवाला आधी चष्म्यासकट घालून बघ, काडी आणि हूक एकाच जागेसाठी भांडतात. पट्टेवाल्याचा मागचा भाग अंबाड्याला किंवा जाकिटाच्या कॉलरला अडतो का, तेही बघ.

एवढे पैसे वेगळे घालवायचे नसतील तर साधे बड्स घेऊन टेकडीवर एकच कानात घाल, रस्त्याच्या उलट्या बाजूचा. आजकाल बहुतेक जोड्यांतला कुठलाही एक बड एकटा चालतो. बाहेरचा आवाज माइकने आत सोडणारा ‘ट्रान्सपरन्सी’ मोड चांगल्या बड्समध्ये कामाचा असतो, पण वारा सुटला की त्याच माइकमध्ये घोंगावतो. रस्ता ओलांडताना आणि रेल्वेच्या फाटकापाशी मात्र कुठलाच मोड नको, काढून हातात घे.

बसमध्ये उघड्या कानाचा हेडफोन कामाचा नाही. इंजिनाच्या घरघरीवर मात करायला तू आवाज चढवतच जाशील. तिथे नॉइज कॅन्सलेशनला पैसे मोज, मी अडवणार नाही. त्याची एक गोष्ट माहीत आहे का? अमर बोस, वडील बंगालमधले क्रांतिकारक, अमेरिकेत स्थायिक झालेले. १९७८ मध्ये झुरिकहून विमानाने परतताना विमानातल्या हेडफोनवर घरघरीमुळे संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच गणितं मांडायला घेतली. वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. बाहेरचा आवाज माइकने टिपायचा, त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करायची, आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. विमानाचा, बसचा, एसीचा आवाज एकसारखा आणि खालच्या पट्टीतला असतो, म्हणून तो छान पुसला जातो. शेजारच्या सीटवरच्या मावशींचं फोनवरचं बोलणं मात्र बरंचसं ऐकू येणारच, कारण ते क्षणाक्षणाला बदलतं. तेवढं चालायचं. घरघर गेली की आवाज कितीतरी खाली ठेवता येतो, आणि मला तुझ्यासाठी तेच हवंय.

एका अक्षराकडे डोळे उघडे ठेवून बघ. डब्यावर ‘एएनसी’ लिहिलंय की ‘ईएनसी’? स्वस्त बड्सवर बहुधा दुसरं असतं. एएनसी म्हणजे वरचं नॉइज कॅन्सलेशन. ईएनसी तुझ्या माइकसाठी असतं, म्हणजे समोरच्याला तुझा आवाज स्वच्छ ऐकू जावा म्हणून. तुझ्या कानातली घरघर त्याने तसूभरही कमी होत नाही. कितीतरी मुली या अक्षरावर फसतात.

जिमचा प्रश्न घामाचा आहे. ‘स्वेटप्रूफ’, ‘वॉटरप्रूफ’ या शब्दांवर जाऊ नकोस, आयपीचा आकडा वाच. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे सोसतो. पाच म्हणजे पाण्याची धार, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मधलं ‘एक्स’ म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेली नाही, आणि टेकडीवर धूळ उन्हाळ्यात कशी असते ते तू जाणतेस, म्हणून ‘आयपी५५’ मिळाला तर आनंदच. जिमला चार चालतं, पावसाळ्यात पळणार असशील तर पाच बघ. या चाचण्या साध्या पाण्यात होतात. घामात मीठ असतं, आणि चार्जिंगचे ते सोनेरी ठिपके मीठच खातं. म्हणून जिमहून निघताना बड्स सुक्या फडक्याने पुसून, जरा वाळू देऊन मगच डबीत ठेव. डबीला बहुधा पाण्यापासून संरक्षण नसतंच. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत पाण्याने झालेली खराबी धरलीय की वगळलीय, तेही वाचून घे.

पोहायला जायचं म्हणत होतीस, तर ब्लूटूथ पाण्याखाली चालत नाही, पाणी ती लहर शोषून घेतं. त्यासाठी गाणी स्वतःतच साठवणारा वेगळा हेडफोन लागतो. आत्ता त्याच्या मागे लागू नकोस.

मीटिंगांचं एक गुपित सांगते. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की लॅपटॉप बहुतेक वेळा बोलण्याच्या मोडमध्ये जातो आणि ऐकू येणारा आवाजही एकदम चपटा, जुन्या टेलिफोनसारखा होतो. बड्स बिघडलेले नसतात. माइक लॅपटॉपचा निवड आणि बड्स फक्त ऐकायला ठेव, आवाज परत भरून येईल. फोन आणि लॅपटॉप दोन्हींना एकाच वेळी जोडलं जाणारं, ज्याला मल्टिपॉइंट म्हणतात, ते असलं तर तुझ्यासारखीला फार सोयीचं. उलट ‘एलडॅक’ नावाच्या उच्च दर्जासाठी जास्तीचे पैसे देऊ नकोस, आयफोनवर तो चालतच नाही. ड्रायव्हर किती मिलिमीटरचा आहे यावरही काही ठरत नाही, मोठा म्हणजे गोड असं नसतं.

बड्स की नेकबँड, हे मला विचारशील तर पहिल्यांदा घेणारीला मी नेकबँडच सुचवते. गर्दीत उतरताना कानातून निसटला तरी गळ्यात राहतो, डबी सांभाळावी लागत नाही, आणि बॅटरी मोठी असल्यामुळे जास्त टिकते. फॅशन गेली म्हणून कुणी हसलं तर हसू दे. तुझ्या गळ्यातली बारीक साखळी त्यात गुंतते का एवढं पाहा. बेंचप्रेसला पाठ टेकून झोपताना मात्र तो मानेखाली येतो. तू वजनं उचलणारी आहेस, तेव्हा तुझ्यासाठी बड्स बरे. कानावरून बसणारे मोठे हेडफोन जिमला नकोतच, त्यांच्या गाद्या घामाने कुजतात आणि वरच्या कानातली बुगडी दाबली जाते. रात्री अंथरुणात बड्स घालून झोपून जाऊ नकोस. फोनचाच स्पीकर हळू लावून ठेव, कानांना तेवढी तरी मोकळीक मिळू दे.

बहुतेक बड्सची बॅटरी बदलता येत नाही, हेही लक्षात घे. दोन-तीन वर्षांत ती दमतेच. म्हणून पहिलीच जोडी पगाराचा मोठा तुकडा तोडून घेऊ नकोस. हरवलेला एक बड सुटा विकत मिळतो का, पुण्यात सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे आधी विचार. पक्कं बिल घे. नामांकित कंपनीचा माल कुणी निम्म्या किमतीत देत असेल तर तो बहुधा नकली असतो. कानात जाणारी वस्तू म्हणून उघडलेला डबा कित्येक दुकानं परत घेत नाहीत, तेव्हा शक्यतो नमुना कानात घालून बघता येईल अशाच दुकानात जा, आणि आधी त्याची रबरं पुसून घे. मैत्रिणीशीही रबरं अदलाबदल करायची नाहीत.

आणखी एक, खास पावसाळ्यासाठी. ओल्या कानात रबर कोंबून ठेवलं की आत बुरशी धरते, आपल्या दमट हवेत तर लगेच. न्हाऊन आल्यावर कान सुकू दे, मग घाल. खाज सुटली तर तेल सोडू नकोस, पिन घालू नकोस, काही दिवस बड्स बंद ठेव आणि दाखवून घे. आठवड्यातून एकदा रबरं काढून साबणाच्या पाण्याने धू, पूर्ण वाळव, आणि जाळीत अडकलेला मळ सुक्या मऊ ब्रशने काढ. मळाने जाळी बुजली की एका बाजूचा आवाज खाली जातो आणि आपण पुन्हा बटणाकडे हात नेतो.

तर तुझ्या यादीतले ते दोन जे नुसते ‘ईएनसी’चे आहेत ते खोड. उरलेल्यांतून आयपी५५ आणि मल्टिपॉइंट असलेले निवड. शनिवारी दुकानात जाशील तेव्हा चष्मा असेल तर तो लावून आणि केस पळताना बांधतेस तसे बांधून जा. बायां कसा वाजतो ते ऐकलंस की तिथूनच मला फोन कर, पैसे देण्याआधी.