प्राचीन मराठी ग्रंथांचे संदर्भ : आवृत्तिनिर्देशाचा प्रश्न

शोधनिबंधांत संदर्भ देण्याची पद्धती आता बरीचशी रुळली आहे. लेखकाचे आडनाव, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, वर्ष व पृष्ठांक एवढा तपशील आधुनिक ग्रंथांच्या बाबतीत पुरेसा ठरतो. प्राचीन ग्रंथांच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो. ही उणीव केवळ मांडणीची नसून प्रमाणाची आहे, याकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

'तुकाराम, अभंग क्र. अमुक' असा निर्देश अनेक प्रबंधांत आढळतो. परंतु शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी संपादिलेली, १८६९ व १८७३ साली दोन भागांत निघालेली 'इंदुप्रकाश' गाथा आणि विष्णुबुवा जोग यांची गाथा यांतील अभंगांचा अनुक्रम एक नाही. आवृत्ती न सांगता दिलेला क्रमांक त्यामुळे वाचकाला भलत्याच अभंगाकडे नेतो. 'लीळाचरित्रा'ची स्थिती अशीच आहे. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे व वि. भि. कोलते यांच्या संपादनांत लीळांचे क्रमांक जुळत नाहीत.

'ज्ञानेश्वरी'च्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. ग्रंथाचा रचनाकाल शके १२१२, एकनाथांनी केलेले पाठशोधन शके १५०६ मधील, आणि वि. का. राजवाडे यांनी आपल्या हाती आलेल्या पोथीवरून सिद्ध केलेली प्रत १९०९ ची. एकनाथी परंपरेच्या प्रतीतील एखादे शब्दरूप उद्धृत करून तेराव्या शतकातील मराठीविषयी निष्कर्ष काढला, तर तो मूळ ग्रंथाविषयीचा की नंतरच्या पाठाविषयीचा, हे ठरविण्यास वाचकाजवळ साधन उरत नाही.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत. पहिल्या टीपेत संपादकाचे नाव अवश्य द्यावे; उदाहरणार्थ : कोलते, वि. भि. (संपा.), लीळाचरित्र, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई, १९७८. त्यानंतर पृष्ठांकाबरोबरच भाग व लीळा, अध्याय व ओवी अथवा अभंग यांचा क्रमांक नोंदवावा. पुनर्मुद्रणात पृष्ठे बदलली तरी तो सहसा टिकतो. संतांची नावे आडनावांच्या क्रमात ओढूनताणून बसवू नयेत. मुखपृष्ठावर शक असल्यास तोच लिहून इसवी सन कंसात द्यावा. शकात ७८ मिळविल्यास सन येतो. मात्र जानेवारीपासून चैत्र प्रतिपदेपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. अवतरण दुसऱ्याच्या ग्रंथावरून घेतले असल्यास त्याच ग्रंथाचा निर्देश करावा. न पाहिलेली पोथी पाहिल्याचा आभास निर्माण करू नये. 'तत्रैव' हा संकेत लगतच्या आधीच्या टीपेपुरताच वापरावा.

टीप ही विद्वत्तेची खूण नव्हे; आपले विधान तपासून पाहण्याचा अधिकार वाचकाच्या हाती सोपविण्याचे ते साधन आहे. ज्या टीपेवरून मूळ ओवी सापडत नाही, ती टीप निर्दोष मांडणीची असली तरी संदर्भ म्हणून निरुपयोगीच म्हणावी लागते.