आर २ वरचं बोट

चकलांब्यात क्रिकेटसाठी नुसती हाक मारली तरी पोरं जमतात. फुटबॉलला बावीस जण गोळा करायचे म्हणजे शेजारच्या वाडीतून माणसं आणावी लागतील. बीड जिल्ह्याने देशाला अविनाश साबळेसारखा स्टीपलचेस धावपटू दिला, पण या मातीत फुटबॉल कधी रुजला नाही. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्य सरकारने ‘महाराष्ट्र मिशन १ मिलियन’ नावाने शाळाशाळांत फुटबॉल खेळवला होता. तो दिवस सरला आणि मैदानं पुन्हा स्टंपांच्या ताब्यात गेली. गेवराई तालुक्यातल्या या गावात फुटबॉल उरला तो फोनवर आणि टीव्हीसमोर.

प्रस्तुत लेखक हा याच दुसऱ्या फुटबॉलचा खेळाडू. जुना प्लेस्टेशन, पीएस ४, त्यावर एफसी २४ (पूर्वीचा फीफा गेम), आणि वीज गेली की फोनवरचं ईफुटबॉल. खेळ आवडीचा, पण हार ठरलेली. पास प्रतिस्पर्ध्याच्या पायात जायचा, चेंडू घेऊन निघालेला विंगर पहिल्याच बचावपटूवर आपटायचा. यावर त्याने शोधलेला पहिला उपाय खिशाशी निगडित होता: खेळात विकत मिळणारी पाकिटं फोडून चांगले खेळाडू मिळवायचे. मिळालेही. मग चांगले खेळाडू चुकीचे पास द्यायला लागले.

ही वाट अनेक पोरं चालतात, म्हणून एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. पाकिटात काय निघेल हे पैसे देताना ठाऊक नसतं. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये याला जुगारच म्हटलं, आणि जानेवारी २०१९ अखेर हा गेम बनवणाऱ्या ईए स्पोर्ट्सने त्या देशात पाकिटांसाठीच्या फीफा पॉइंट्सची विक्री बंद केली. आपल्याकडे पैसे न खर्चताही बहुतेक सगळं खेळता येतं. ज्याला पास जमत नाही त्याने तर पाकिटांकडे वळूनही पाहू नये. ते दुखणं खेळाडूच्या आकड्यांत नसतं, उजव्या हाताच्या तर्जनीत असतं.

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर ती तर्जनी आर २ वर असते. आर २ म्हणजे स्प्रिंट. नवा खेळाडू सामना सुरू झाल्यापासून ते बटण दाबूनच ठेवतो. प्रस्तुत लेखकाचंही तेच. वेगात पळणारा खेळाडू चेंडू पायापासून लांब ढकलतो आणि दोन स्पर्शांमधल्या त्या अंतरात बचावपटूचा पाय येतो. वळायला जागाही जास्त लागते. शिवाय धावता धावता पास घेतला तर पहिला स्पर्श बिघडतो. जुन्या फीफामध्ये चेंडू जणू डिंकाने बुटाला चिकटलेला असायचा. २०१२ मध्ये आलेल्या फीफा १३ ने पहिल्या स्पर्शावर चेंडू उसळण्याची शक्यता आणली आणि तेव्हापासून आंधळ्या धावण्याला दंड आहे. सायबर कॅफेतल्या जुन्या फीफावर हात बसलेल्यांना याची सवय व्हायला वेळ लागतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. संगणकाविरुद्ध सोपी पातळी लावायची आणि अख्खा सामना आर २ ला हात न लावता खेळायचा. सुरुवातीला सगळे खेळाडू चिखलातून चालल्यासारखे वाटतात. मग हळूहळू लक्षात येतं की डावी काठी थोडीशी झुकवली तरी खेळाडू वळतो, काठी सोडली तर थांबतो, आणि अंगावर धावून आलेला बचावपटू आपोआप पुढे निघून जातो. ड्रिब्लिंग म्हणजे मुळात एवढंच: थांबणं, दिशा बदलणं, आणि मोकळी जागा दिसली की तेवढ्यापुरतं स्प्रिंट. वळायच्या आधी बोट उचलायचं, वळून झाल्यावर दाबायचं.

खरा चेंडू पायाशी खेळताना हे पाहायचं असेल तर कोल्हापूरला जावं. तिथे पेठांचे संघ आहेत, पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी होते ती मराठवाड्यातल्या माणसाला खरी वाटत नाही. २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. तिथला चांगला विंगर बचावपटूसमोर आधी मंदावतो. बचावपटूही मंदावतो, पाय जमिनीत रोवतो, आणि तेवढ्यात विंगर निसटतो. माणूस मागे पडतो तो वेगातल्या फरकामुळे. गेममध्येही हेच चालतं. उजव्या काठीच्या कसरती, म्हणजे स्किल मूव्हज, पोरांना फार मोहवतात. पण प्रत्येक खेळाडूला त्यासाठी एक ते पाच तारे असतात आणि दोन ताऱ्यांच्या बचावपटूकडून पाच ताऱ्यांची करामत होत नाही, हे पाहायला कुणी थांबत नाही. आपल्याच गोलसमोर गिरकी घ्यायला जाऊन चेंडू गमावणाऱ्यांची संख्या मोजायला कुणी बसलं तर करमणूक होईल.

पासचं गणित वेगळं, आणि जास्त मजेचं. पास बिघडला की बटणाला शिव्या बसतात. खरं तर तीन गोष्टी पाहायच्या असतात: देणाऱ्याचं तोंड कुठे आहे, बटण किती वेळ दाबलं, आणि घेणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे. यातली पहिली सर्वांत दुर्लक्षित. स्वतःच्या गोलकडे तोंड करून उभ्या असलेल्या मिडफिल्डरने मागच्या मागे स्ट्रायकरला पास द्यावा अशी अपेक्षा आपण ठेवतो. गेम त्या पासचं बळ आणि नेम दोन्ही कमी करतो. अंगावर माणूस असताना पहिल्याच स्पर्शात दिलेला पासही असाच भरकटतो. अशा वेळी चेंडू मागच्या बचावपटूला द्यावा. त्याचं तोंड पुढे असतं, त्याला मैदान दिसतं, आणि स्ट्रायकरपर्यंतचा पास तो देतो. मागे दिलेला पास भित्र्याचा असतो असा एक समज गल्लीगल्लीत आहे. झावीच्या काळातली बार्सिलोना पाहिलेल्याने तरी तो बाळगू नये.

बळाबद्दल सांगायचं तर, बटण दाबून धरलं की पट्टी भरते आणि चेंडू जोरात जातो. जवळच्या माणसाला हलका टॅप पुरतो. नवखे घाबरून बटण धरून ठेवतात आणि चेंडू समोरच्याच्या नडगीवर आदळतो. त्रिकोणाचं बटण, म्हणजे थ्रू पास, हे दुसरं व्यसन. बचावाच्या मागे जागा असेल आणि आपला माणूस रेषा ओलांडायच्या बेतात असेल, तेव्हाच ते दाबावं. तो आधीच पुढे गेला असेल तर ऑफसाइड, आणि मागे जागाच नसेल तर चेंडू थेट गोलकीपरच्या हातात. त्याऐवजी एल १ धरून क्रॉसचं (X) बटण दाबलं की वन-टू सुरू होतो: पास देणारा स्वतः पुढे पळतो, मग चेंडू परत त्याच्याकडे द्यायचा. साध्या पातळीवरच्या बचावाला हे एक शस्त्र बराच काळ पुरून उरतं. चेंडू आहे पण द्यायला कुणीच नाही, अशा क्षणी एल २ धरून अंगाने चेंडू झाकावा आणि माणूस मोकळा होण्याची वाट पाहावी.

मोकळा माणूस कोण, हे मात्र चेंडू पायात येण्याआधी ठाऊक हवं. पडद्याच्या तळाशी छोटा नकाशा असतो, ठिपक्यांचा. बहुतेकांची नजर चेंडूवर खिळलेली असते आणि तो नकाशा शोभेला राहतो. नॉर्वेचे संशोधक गेयर योर्डेत यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांचा अभ्यास केला; चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा मान वळवून आजूबाजूला पाहतात, त्यांचे पुढे दिलेले पास जास्त यशस्वी होतात असं त्यांना आढळलं. फ्रँक लँपार्ड अशा सतत मान फिरवणाऱ्यांत होता. सोफ्यावर बसलेल्याला मान वळवायचीही गरज नाही, डोळे फक्त खाली न्यायचेत.

कधी कधी दोष खरंच आपला नसतो. ३० सप्टेंबर २०२१ ला आलेलं ईफुटबॉल इतकं अर्धवट होतं की ते बनवणाऱ्या कोनामी कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. आजही संध्याकाळी नेटवर्क मंदावलं की बटण दाबल्यानंतर पास जायला उशीर होतो, आणि त्या उशिराची सवय हाताला लागली की चांगल्या नेटवरही वेळ चुकते. म्हणून शिकायचं ते ऑफलाइन. टीव्हीवर ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करावा. चित्र सुशोभित करण्याच्या नादात टीव्ही जो वेळ खातो तो वाचतो. फोनवर खेळणाऱ्यांची अडचण आणखी निराळी आहे. अंगठा काचेवरून घसरत पडद्यावरच्या काठीच्या बाहेर जातो आणि खेळाडूची दिशाच हरवते. अंगठा अधूनमधून उचलून पुन्हा ठेवायची सवय तिथे लावावी लागते.

गोल खाल्ला की रिप्ले घाईघाईने पुढे ढकलायची खोड मात्र सोडायला हवी. रिप्लेमध्ये गोलकीपर कसा पडला हे बघण्यात अर्थ नाही, त्याच्या आधी चेंडू कुठे गेला ते बघावं. प्रस्तुत लेखकाने बघायला सुरुवात केली तेव्हा तेच चित्र पुन्हा पुन्हा दिसलं: स्वतःच्या पेनल्टी बॉक्सबाहेर, मैदानाच्या मधोमध, दबावाखाली दिलेला आडवा पास. तिथे आता तो चेंडू कडेच्या फुलबॅककडे देतो, आणि फुलबॅकही अडकलेला असेल तर सरळ रेषेबाहेर टोलवतो. थ्रो-इन मिळतो समोरच्याला, पण तेवढ्या वेळात आपले बचावपटू जागेवर परततात.