बागेतल्या कामाला सुती की पॉलिस्टर?

प्रश्न : संत्र्याच्या बागेत दिवसभर काम असते. घाम सुकवणारा पॉलिस्टरचा टी-शर्ट घ्यावा का? जुन्याचा वास धुऊनही जात नाही.
– एक वाचक, सौंसर

उत्तर : पांढुर्णा-सौंसर हा कापसाचाच पट्टा, आणि मे महिन्याच्या कोरड्या उन्हात माझा कौल सुतीलाच. सैल, पातळ, पूर्ण बाह्यांचा सदरा घाम शोषतो. तो घाम हळूहळू उडताना अंग गार राहते. पावसाळी दमट हवेत मात्र पॉलिस्टर बरे. ते पाणी जवळजवळ पीत नाही, घाम पसरवते आणि लवकर वाळते. पण अंगाचे तेल त्याला चिकटून बसते, वास त्याचाच. घामेजलेला टी-शर्ट तसाच टाकून ठेवू नका. उलटा करून धुवा, सावलीत वाळवा. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र अजिबात वापरू नका, त्याच्या थराने घाम पसरणेच थांबते.